फिरत्या घराची छपरातील खिडकी व उन्हाळ्याचा ताप

उजेड आणि ऊन ही एकाच सूर्याची देणगी असली, तरी मनुष्यास पहिला बारा महिने हवा असतो व दुसरे वैशाख लागला की नकोसे होते. घर बांधणाऱ्यापुढे हा पेच पुरातन काळापासून उभा आहे. भिंतीतील खिडकीच्या बाबतीत तो फारसा जाचक होत नाही. कारण पडवी, छज्जा किंवा दारचे झाड दुपारचे ऊन बाहेरच अडविते. परंतु उजेडासाठी जेव्हा छपरासच भोक पाडून त्यात काच बसवितात, तेव्हा डोक्यावर आलेल्या सूर्याला घरात शिरण्यास मोकळे दार मिळते. अशा खिडकीतून उष्णता आत कशी येते व ती कोणत्या उपायांनी कमी करता येते, ह्याचा विचार ह्या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरणादाखल आम्ही अमेरिकेतील फिरत्या घराचे स्नानगृह घेतले आहे. कारण तेथे हा प्रश्न अगदी उघड्या रूपात दिसतो. शेवटी आपल्याकडील काचेच्या कौलांकडेही वळण्याचा आमचा विचार आहे.

फिरते घर म्हणजे काय?

अमेरिकेत मोटारीच्या सांगाड्यावरच बांधलेली किंवा मोटारीच्या मागे जोडून ओढून नेण्याची घरे फार प्रचारात आहेत. तिकडे त्यांस ‘आर. व्ही.’ ह्या आद्याक्षरांनी ओळखतात. १९१० साली पिअर्स-ॲरो नावाच्या कंपनीने ‘टूरिंग लँडो’ ही अशा प्रकारची गाडी न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात मांडली होती. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत ह्या गाड्यांचे रूप पुष्कळ पालटले. आज तीत निजण्याची जागा, चूल, शीतकपाट, पाण्याच्या टाक्या, शौचकूप व न्हाणी एवढे सर्व एका लांबट पेटीत बसविलेले असते.

जागा थोडी असल्यामुळे छप्पर ठेंगणे ठेवावे लागते. उंच मनुष्यास न्हाणीत ताठ उभे राहता यावे म्हणून तिच्या डोक्यावर छपरास भोक पाडून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा लहानसा घुमट बसवितात. एकाच योजनेने डोक्यास जागा मिळते आणि दिवसा दिव्यावाचून उजेडही मिळतो. हा घुमट बहुधा १४ इंच रुंद व २२ इंच लांब, म्हणजे क्षेत्रफळाने दोन चौरस फुटांहून किंचित अधिक असतो. एवढ्याशा भोकातून कितीशी उष्णता येणार, असे कोणासही वाटेल. परंतु हिशेब मांडून पाहिला म्हणजे हा समज टिकत नाही.

हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांच्या सुखाचा आहे असेही नाही. सेवानिवृत्त वृद्ध माणसे आणि कामाच्या शोधात गावोगाव जाणारे मजूर ह्यांतील कित्येकांचे फिरते घर हेच बारा महिन्यांचे घर असते. ॲरिझोना संस्थानातील फीनिक्स शहरी २०२३ सालच्या उन्हाळ्यात ३० जूनपासून लागोपाठ ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसच्या मापाने सुमारे ४३ अंश, किंवा त्याहून वर गेला होता. ज्या मॅरिकोपा परगण्यात हे शहर आहे, तेथे त्या एका वर्षात उष्णतेशी संबंध असलेले ६४५ मृत्यू नोंदले गेले. तेथील अनुभव असा की, जे लोक घरातच उष्म्याने दगावतात, त्यांत चाकांवरील व हलक्या बांधणीच्या घरांत राहणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे असते. पातळ भिंती व पातळ छपरे ह्यांच्या आड राहणाऱ्यास उष्णतेचा प्रत्येक मार्ग ओळखून बंद करावा लागतो, तो ह्यामुळेच.

उष्णतेचा हिशेब

आकाश निरभ्र असता भर दुपारी सूर्यकिरणांस समोरासमोर धरलेल्या एका चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट इतकी शक्ती पडते. आमच्या घुमटाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरचा सुमारे पाचवा हिस्सा आहे. तेव्हा त्यावर २०० वॅट पडतात. स्वच्छ प्लॅस्टिक त्यांपैकी सुमारे ८५ टक्के आत जाऊ देते असे धरले, तर आत १७० वॅट पोचतात. जुन्या पद्धतीचे साठ वॅटचे तीन दिवे त्या चिमुकल्या खोलीत दुपारभर जळत ठेवावे, तसाच हा प्रकार होय. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या देहातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. त्या मापाने पाहता न्हाणीत दीड माणूस अदृश्यपणे येऊन बसला आहे असे म्हणता येईल.

खोलीतील हवा तरी किती असते? एक मीटर रुंद, दोन मीटर लांब व दोन मीटर उंच अशा खोलीत चार घनमीटर हवा मावते. तिचे वजन पाच किलोग्रॅमही भरत नाही. १७० वॅट उष्णता सर्वच्या सर्व ह्या हवेस मिळाली, तर अर्ध्या मिनिटास एक अंश ह्या वेगाने ती तापेल. प्रत्यक्षात भिंती, जमीन व भांडी आपापला वाटा उचलतात, म्हणून तापण्याचा वेग पुष्कळ कमी असतो. तथापि दार लावून ठेवलेली न्हाणी थोड्याच वेळात भट्टीसारखी का होते, ते ह्यावरून कळून येईल. छपरावरील वातानुकूलन यंत्राची शक्ती बहुधा सुमारे ४,००० वॅट असते. त्यापुढे १७० वॅट ही क्षुल्लक बाब दिसते. पण दार लावलेल्या न्हाणीपर्यंत त्या यंत्राची थंड हवा पोचत नाही, आणि दार उघडावे तर तेथील ताप घरभर पसरतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. भिंतीतील खिडकीस ऊन लागू नये म्हणून गाडी फिरवून उभी करता येते. छपरातील खिडकीस ही युक्ती लागू पडत नाही. फीनिक्स येथे जूनच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८० अंश वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच असतो. गाडीचे तोंड पूर्वेस करा वा उत्तरेस करा, आडवे छप्पर त्याच्यापुढे उताणेच राहणार.

काच उष्णता कोंडते ती कशी?

१८०० साली सर विल्यम हर्शेल ह्या ज्योतिषाने लोलकातून सूर्यकिरण पाडून निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही, तेथेही पारा चढला. ह्यावरून सूर्याच्या दृश्य किरणांबरोबर अदृश्य उष्ण किरणही येतात हे सिद्ध झाले. जमिनीवर पोचणाऱ्या सौरशक्तीचा अदमासे अर्धा भाग ह्या अदृश्य किरणांचा असतो. काच व पारदर्शक प्लॅस्टिक दृश्य किरणांस वाट देतातच, पण ह्या अदृश्य किरणांपैकी बहुतेकांसही आत सोडतात. आत आलेले किरण जमिनीवर व भिंतींवर पडून शोषले जातात व त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूही किरण सोडतात. परंतु त्यांची लहर इतकी लांब असते की, काच त्यांस परत जाऊ देत नाही.

जिनिव्हा येथील सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ च्या सुमारास काचेची झाकणे असलेल्या पेट्या उन्हात ठेवून प्रयोग केले. पुढे आतील उष्णता पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर नेण्यात त्यास यश आले. त्यानंतर पुष्कळ काळ असे मानीत की, लांब लहरींचे किरण काचेत अडकतात एवढेच ह्या तापाचे कारण होय. १९०९ साली आर. डब्ल्यू. वुड ह्या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्याने दोन पेट्या घेतल्या. एकीस काचेचे झाकण लाविले व दुसरीस सैंधवाच्या पारदर्शक तुकड्याचे. सैंधवातून लांब लहरींचे किरण सहज निसटून जातात. म्हणून ती पेटी पुष्कळच थंड राहावयास हवी होती. परंतु दोहोंच्या उष्णतेत फारच थोडा फरक आढळला. ह्यावरून मुख्य कारण उघड झाले. झाकण तापलेल्या हवेस वर उठून निघून जाऊ देत नाही, हेच ते कारण होय.

ह्या दोन गोष्टींवरून आपल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ हाती आले. एक, किरण आत येऊन शोषले जाण्यापूर्वीच त्यांस अडवावे. दुसरी, तापलेल्या हवेस वरच्या बाजूने वाट करून द्यावी.

कोणते उपाय निष्फळ ठरतात?

पुष्कळांस असे वाटते की, घुमटाखाली प्लॅस्टिकचा दुसरा थर बसवून मध्ये हवा कोंडली म्हणजे काम झाले. थंडीच्या दिवसांत हा उपाय उत्तम आहे. उन्हाळ्यात मात्र त्याचा लाभ अल्प होतो. बाहेरची हवा आतील हवेहून १५ अंशांनी अधिक तापलेली असली, तर एकेरी प्लॅस्टिकमधून वहनाने येणारी उष्णता ह्या क्षेत्रफळास पंधरा-सोळा वॅटच भरते. दुसऱ्या थराने तिच्यापैकी निम्मी वाचली, तरी आठ वॅट वाचले. आणि १७० वॅटचे किरण दोन्ही पारदर्शक थरांतून येतच राहतात. चोर दरवाजातून येत असता भिंतीचे भोक बुजविण्यासारखे हे आहे.

दुसरा निष्फळ उपाय काळ्या पडद्याचा. आतून काळा पडदा ओढला की अंधार होतो व अंधाराने थंड वाटते; परंतु किरण तर आत येऊन चुकलेले असतात. पडदा ते शोषतो, तापतो व आपली उष्णता खोलीस देत बसतो. अंधार पडला म्हणून ताप गेला असे समजू नये.

सफल होणारे उपाय

पहिला व सर्वांत श्रेष्ठ उपाय म्हणजे बाहेरची सावली. रोपवाटिकेत वापरतात तसले जाळीचे कापड घुमटावर चार बोटे अंतर सोडून ताणावे. १०० पैकी ८० किरण अडविणारे कापड असले, तर १७० वॅटऐवजी ३४ वॅटच आत येतात. कापड स्वतः तापते खरे. पण ते बाहेर असल्यामुळे त्याचा ताप वारा घेऊन जातो. मधले अंतर ह्यासाठीच ठेवावयाचे. कापड पांढरे किंवा रुपेरी असल्यास अधिक बरे. गाडी रस्त्यास लागण्यापूर्वी ते काढून घेतले पाहिजे, नाहीपेक्षा वेगाच्या वाऱ्याने ते फाटून मागच्या वाहनावर जाऊन पडेल. प्रत्येक गाडीचे छप्पर माणसाचे वजन पेलणारे नसते, हेही वर चढण्यापूर्वी पाहून घ्यावे.

दुसरा उपाय आतून बसविण्याच्या चकचकीत फळीचा. रुपेरी पत्रीने मढविलेला हलका तक्ता खिडकीच्या चौकटीत बेताने बसेल असा कापून त्याची चकाकणारी बाजू वर करावी. काळ्या पडद्यात व ह्यात भेद हा की, चकाकणारा पृष्ठभाग किरण शोषीत नाही, आल्या रूपातच परत धाडतो. आणि ज्या लहरी प्लॅस्टिकमधून आत आल्या, त्या तशाच बाहेरही जातात. प्लॅस्टिक काही किरण गिळते, म्हणून बाहेरच्या सावलीची सर ह्यास येत नाही. परंतु हा उपाय अगदी थोड्या खर्चाचा असून क्षणात लावता-काढता येतो. पत्री धुळीने मळू देऊ नये व ती घुमटास चिकटवू नये. कोंडलेल्या उष्णतेने प्लॅस्टिक लवकर ठिसूळ होते.

तिसरा उपाय काचेवर बसविण्याच्या पातळ चित्तीचा. काही चित्त्या अदृश्य उष्ण किरण परतवून दृश्य उजेडास वाट देतात. मात्र काचेस चालणारी प्रत्येक चित्ती प्लॅस्टिकला मानवतेच असे नाही; तेव्हा बनविणाराच्या सूचना वाचूनच ती लावावी. हीच गोष्ट रंगाची. तीव्र द्रावकांनी पातळ केलेला रंग ॲक्रिलिकला लावला असता त्यास बारीक तडे जातात.

चौथा उपाय वाऱ्याचा. फिरत्या घरांच्या छपरास १४ इंच चौरस झडप असते व तीत पंखा बसविता येतो. खालची एखादी खिडकी थोडी उघडून ही झडप उघडली, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते व तिच्या जागी खालून दुसरी येते. स्नानानंतर तर हे अवश्य केले पाहिजे. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून देहास थंडावा मिळत नाही. दिवसा झडप उघडी ठेवून न्हाणीचे दार मात्र लावून घ्यावे, म्हणजे तेथील ताप निजण्याच्या खोलीत येणार नाही.

कोणी म्हणेल, इतके ऊन अडविल्यावर उजेड कोठून येणार? ही भीती निराधार आहे. भर दुपारचा प्रकाश इतका प्रखर असतो की, त्याचा दहावा हिस्सा जरी ह्या घुमटातून आत आला, तरी साठ वॅटच्या जुन्या दोन दिव्यांइतका उजेड त्या लहान खोलीत सहज पडतो. स्नानास ह्याहून अधिक कशास हवा?

आपल्या घरांकडे वळून

अमेरिकेतील न्हाणी कितीही दूरची वाटली, तरी तिचा न्याय आपल्या छपरांस तंतोतंत लागू पडतो. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला व तेथून ती लाल चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर व देशावर सर्वत्र पसरली. काळोख्या माजघरास किंवा न्हाणीस उजेड मिळावा म्हणून त्यांच्याच आकाराचे काचेचे कौल मधूनमधून बसविण्याची चाल पडली. पत्र्याच्या छपरात ह्याच कामासाठी पारदर्शक फायबरचा पत्रा घालतात. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास व नागपुरास त्या महिन्याच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे ज्या दिवसांत उष्मा अधिक, त्याच दिवसांत अशा काचेवर किरण अगदी सरळ पडतात.

ह्याच्याही पूर्वीची मराठवाड्यातील माळवदाची घरे पाहावी. त्यांच्या मातीच्या जाड छपरास उजेडासाठी व धुरासाठी सवणे ठेवीत. सवणे उघडे असल्यामुळे जेथून उजेड येई, तेथूनच तापलेली हवा व चुलीचा धूर निघून जाई. काचेच्या कौलाने उजेडाचे काम केले, पण हवेची वाट बंद झाली. वुडच्या पेटीचे रहस्य आपल्या माळवदाखाली नांदत होते असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ज्यांच्या घरी काचेचे कौल आहे, त्यांनी जवळच हवेसाठी एखादी फट किंवा जाळी ठेवावी व चैत्र-वैशाखात कौलावर बाहेरून चुन्याचा पातळ हात फिरवावा. पावसाळ्याच्या सरींनी चुना धुऊन जातो व उजेड पुन्हा मिळू लागतो. खर्च नगण्य आणि काढण्याचे श्रमही नाहीत.

चुन्याच्या ह्या युक्तीस थोर नगरांनीही मान दिला आहे. २०१० च्या प्रखर उन्हाळ्यात अनेक जीव गमावल्यावर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली. आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही तिच्यात जोडले गेले.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

वाचले ते पडताळून पाहण्यासारखा दुसरा आनंद नाही. बुटांचे तीन सारखे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. प्रत्येकाच्या झाकणास हाताच्या पंजाएवढे भोक पाडून त्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद घट्ट चिकटवावा. पहिला खोका तसाच ठेवावा. दुसऱ्याच्या भोकास आतून काळा कागद लावावा. तिसऱ्यावर बाहेरून, दोन पेन्सिली आडव्या ठेवून त्यांवर पांढरा जाड कागद असा मांडावा की, भोकावर सावली पडेल व मधून वारा खेळेल. प्रत्येकात एकेक तापमापक ठेवून तिन्ही खोके दुपारच्या उन्हात शेजारी शेजारी ठेवावे व दर पाच मिनिटांनी अंश टिपावे. तापमापक प्रयोगशाळेतला असावा. ताप पाहण्याचा डॉक्टरी तापमापक इतक्या उष्णतेत फुटतो. अर्ध्या तासाने आकडे कागदावर रेखून पाहावे, म्हणजे सावली बाहेर असण्यात व आत असण्यात काय अंतर आहे, हे कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहणार नाही.

पालकांस एक विनंती करून हा लेख पुरा करितो. फिरत्या घराच्या न्हाणीस जो नियम, तोच उन्हात उभ्या केलेल्या प्रत्येक मोटारीस लागू आहे. कारण तीही चारी बाजूंनी काचेने मढविलेली पेटीच होय. बंद मोटारीतील उष्णता पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढते, व लहान मुलांचे देह मोठ्यांहून फार लवकर तापतात. एकट्या अमेरिकेत दरवर्षी सरासरी तीसहून अधिक बालके अशा गाड्यांत प्राणास मुकतात. ‘दुकानातून आलोच’ म्हणून मुलास, वृद्धास किंवा मुक्या जनावरास बंद गाडीत क्षणभरही ठेवू नये. काच किंचित खाली केली म्हणजे पुरे, हा समजही घातक आहे. विद्यार्थ्यांनी प्रयोगातील पहिल्या खोक्याचे आकडे घरी वडील माणसांस दाखवावे. ते पाहिल्यावर ही गोष्ट पुन्हा सांगावी लागणार नाही.